शिकलेल्यांनाच मत?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या काकांनी परवा पुन्हा तोच विषय काढला: मतदानाला शिक्षणाची अट घाला. पैसे घेऊन मतं दिली जातात याची त्यांची चीड खरी आहे. पण काका, मी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहते आणि ही अट इथे एकदा लागू झालेली आहे.

इथल्या न्यू बर्न गावात जॉर्ज हेन्री व्हाइट नावाचे कृष्णवर्णीय वकील होते. जन्म 1852चा, म्हणजे गुलामगिरी चालू असतानाचा. हॉवर्ड विद्यापीठातून 1877 मध्ये पदवी घेतली, शिक्षक झाले, सरकारी वकील झाले. 1896 आणि 1898 अशा दोन्ही वेळा ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. त्या चार वर्षांत अख्ख्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, कृष्णवर्णीय सदस्य ते एकटेच. माणसांना झुंडीने मारून टाकणं हा केंद्रीय गुन्हा ठरवा, असं विधेयक त्यांनी जानेवारी 1900 मध्ये मांडलं. ते समितीच्या बाहेरच आलं नाही.

त्याआधी, नोव्हेंबर 1898 मध्ये, याच राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची हत्या केली आणि लोकांनी निवडलेला शहराचा कारभार उलथवला. पुढचं काम कायद्याने केलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या स्वतःच्या घटनेत 1900 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार घटनेचं कुठलंही कलम इंग्रजीत वाचता-लिहिता आलं, तरच मतदार म्हणून नोंद. मात्र ज्याला, किंवा ज्याच्या बापजाद्यांना, 1 जानेवारी 1867 पर्यंत कधी मताचा हक्क होता, त्याला 1908 पर्यंत नोंदणी केल्यास परीक्षा माफ. त्या तारखेपर्यंत इथल्या बहुतेक कृष्णवर्णीयांना मताचा हक्कच नव्हता, म्हणजे निरक्षर गोरा तेवढा सुटला. कृष्णवर्णीयाला वाचता येतं की नाही, हे ठरवणार नोंदणी करणारा अधिकारी. मला सगळ्यात जास्त भीती त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीची वाटते. आपल्याकडे तिथे कोण बसेल, काका?

व्हाइट पुन्हा उभे राहिले नाहीत. 29 जानेवारी 1901च्या शेवटच्या भाषणात ते म्हणाले की आज आम्ही निरोप घेतो, पण राखेतून उठून परत येऊ. त्यांच्यानंतर या राज्यातून कृष्णवर्णीय उमेदवार काँग्रेसवर निवडून यायला 1992 उजाडलं. 1965च्या मतदान हक्क कायद्यानंतर ती अट निकामी झाली, तरी या राज्याच्या घटनेतलं ते वाक्य अजून तसंच आहे. मी ते वाचलं, तेव्हा पोटात गोळा आला.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मताधिकार मागितला, तेव्हा आपल्याकडे लिहिता-वाचता येणारे मूठभर होते. शिका आणि मग या, असं त्यांनी म्हटलं नाही.

आपल्या आजीला अक्षरओळख नव्हती, काका. मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची, आणि परत आल्यावर भांड्यांना हात लावायची नाही, शाई जाईल म्हणून. दोन खुणा असायच्या तिच्या डाव्या हातावर: अंगठ्याला निळी, तर्जनीला काळी.