खुनी डॉक्टर आहे, ताई

पुस्तक बदलायला गेले होते, दुसरं काही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण घरच्यांचं मत असं की मी कुठेही गेले तरी काहीतरी ओढवून घेऊन येते. मी काहीही ओढवून घेतलं नाही. देवघेवीच्या रांगेत चार पुस्तकं पोटाशी धरून उभी होते, आणि माझ्या मागे एक काका उभे होते. एवढंच.

चार पुस्तकं म्हणजे एक रहस्यकथा, एक कवितासंग्रह, मुंग्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणि सगळ्यांत खाली, मुखपृष्ठ पालथं करून, एक प्रेमकथा.

काउंटरवरच्या बाईंनी माझं कार्ड घेतलं आणि म्हणाल्या, मुदत संपलीये, नूतनीकरण करावं लागेल. ठीक आहे म्हटलं. नाव, फोन, पत्ता झालं. मग त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आवडता साहित्यप्रकार?"

"तसं सगळंच वाचते."

"एकच घेतो हा."

"कोण?"

"कॉम्प्युटर."

"मग रिकामं सोडा."

"रिकामं सोडलं की पुढे जात नाही."

मी विचारात पडले. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, कुठलंही एक नाव फेकायचं होतं. पण कादंबरी म्हणावं तर गेले चार महिने एकही कादंबरी पूर्ण झालेली नाही. कविता म्हणावं तर बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं असतं ती मला ओळखीची आहे. मी एकदा मुंग्यांकडे पाहिलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "त्यांचं 'इतर' टाका."

बाईंनी टाकलं. कॉम्प्युटर खूश होऊन पुढे गेला. चाळीस वर्षं हाताला लागेल ते वाचत आलेली बाई अशा रीतीने अर्ध्या सेकंदात 'इतर' झाली.

मी वळून पाहिलं. सडपातळ काका, दोरीला अडकवलेला चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवी रिकामी. आणि हातात माझी रहस्यकथा. ती त्यांनी काउंटरवरून कधी उचलली ते मला कळलंच नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला, पुस्तक मागून उघडलं, शेवटचं पान ओठ हलवत वाचलं आणि मिटलं.

"डॉक्टर," ते म्हणाले.

"काय डॉक्टर?"

"खुनी."

त्यानंतरची शांतता मी शब्दांत सांगू शकत नाही. मागे कुणीतरी खोकलं. बाईंनी शिक्का मारला.

"अहो काका, मी वाचायला नेतेय ते!"

"मग न्या की. मी कुठे नको म्हटलं? आता निवांत वाचाल. उगीच जीव टांगणीला नाही."

१९५२ साली लंडनमध्ये एक रहस्यनाटक रंगमंचावर आलं. त्याचा प्रयोग संपला की नट मंडळी प्रेक्षकांना विनंती करतात, गुन्हेगार कोण ते कृपा करून बाहेर कुणाला सांगू नका. पिढ्या बदलल्या, अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांसाठी तोंड बंद ठेवलं. मला वाटायचं, माणुसकीवर विश्वास ठेवायला एवढं पुरे आहे. पण काकांनी ते नाटक पाहिलेलं नसावं. किंवा पाहिलं असेल तर पडदा पडायच्या जरासं आधी आत शिरले असतील.

कारण काकांची पद्धतच तशी निघाली. ते पुस्तकं वाचत नाहीत. शेवटचं पान वाचतात. रोज येतात, एक कपाट घेतात, उभ्या उभ्या दहा-बारा शेवटची पानं वाचून घरी जातात. एकही पुस्तक घरी नेत नाहीत. "नेलं की परत आणावं लागतं," ते म्हणाले, आणि हे वाक्य मी अजून चघळते आहे.

"पण काका, सगळी मजा तर मधेच असते."

"मधे काय असतं? मधे माणसं बोलत असतात." त्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली. "रहस्यकथेत कुणीतरी सापडतो. ऐतिहासिक कादंबरीत सूर्य मावळतो. मी इतक्या वर्षांत एकदाच उगवताना पाहिला, तर पुढच्या पानावर दुसऱ्या भागाची जाहिरात होती. प्रवासवर्णनात माणूस घरी परत येतो. मग गेलाच कशाला? आत्मचरित्रात 'कृतार्थ' हा शब्द शोधायचा, सापडला की मिटायचं. भुताच्या गोष्टीत दार वाजतं. यशस्वी कसं व्हावं त्या पुस्तकांत शेवटी त्याच लेखकाच्या पुढच्या पुस्तकाची जाहिरात असते. म्हणजे याने काम होणार नाही हे त्याला छापतानाच ठाऊक."

"आणि ते पुरस्कारवाले गंभीर लेखक?"

"त्यांना शेवट नसतो. पान संपतं म्हणून थांबतात."

मला हसायचं नव्हतं. फार चिडलेली होते मी. पण माझ्यामागची कॉलेजातली मुलगी फिसकन हसली आणि तिथे माझी बाजू लंगडी पडली.

"विनोदी?"

"विनोदी उघडत नाही. शेवटी लेखक एकदम गंभीर होतो. बरं दिसत नाही."

एव्हाना त्यांनी कवितासंग्रह घेतला होता. "आई," ते पान पाहून म्हणाले. "आई किंवा मरण. दोन्ही नसेल तर पाऊस." मग मुंग्यांचं पुस्तक. त्याच्या मागे सूची होती. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी समाधानाने वाचलं, "ज्ञानेंद्रियं, मुंग्यांची. शेवट गोड आहे."

मी म्हटलं, "काका, त्याच पुस्तकात आहे, पाळलेली एक राणी मुंगी अठ्ठावीस वर्षांहून जास्त जगली. अठ्ठावीस! कामकरी मुंग्या सगळ्या बायका. हे तुम्हाला शेवटच्या पानावर मिळेल?" (हे मीही आतलं पान उघडून तिथेच, कपाटाशी वाचलं होतं. पण तो मुद्दा नाही.)

"अठ्ठावीस वर्षं काय केलं तिने?"

"अंडी घातली."

"मग शेवट कळलाच की," काका म्हणाले.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी मला रंगनाथन ऐकवले. "रंगनाथन म्हणून गेलेत, ग्रंथालय ही वाढणारी, जिवंत संस्था आहे. तर वाढणाऱ्या संस्थेत माणसाने एकेका पुस्तकाला किती वेळ द्यायचा?"

रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. आणि काकांनी सांगितला तो.

"तो पाचवा नियम झाला, काका. पहिले चार?"

"ते आधी असतील," काका म्हणाले.

त्यांना चौथा नियम ठाऊक नव्हता, आणि चौथा नियम त्यांच्याइतका कसोशीने पाळणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आता खरं सांगायचं तर मला काकांपेक्षा त्या कॉम्प्युटरचाच राग जास्त आला आहे. काका निदान चारही पुस्तकांना सारखेच वागले. पुस्तकं शोधायची म्हणजे कपाटं हवीत, कपाटांना पाट्या हव्यात, एवढं मला कळतं. १८७६ साली मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने जगातलं सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलं आणि तेव्हापासून आपण कुठल्याही वाचनालयात जाऊन नेमक्या फळीपाशी उभे राहू शकतो. उपकार आहेत. पण त्या आकड्यांत जरा हिंडून बघा. भुतं १३३.१ मध्ये, म्हणजे तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राच्या घरात. लोककथा ३९८.२, सामाजिक शास्त्रांत, शिष्टाचारापासून तीन घरं सोडून. मांजर ६३६.८, म्हणजे तंत्रज्ञान! मांजर पाळलेल्या कुणालाही विचारा, तंत्र कोणाचं चालतं. इंग्रजी साहित्याला ८२०पासून अख्खी दहा घरं, आणि मराठी साहित्य ८९१.४६. आपलं सगळं, ओवीपासून आजच्या कवितेपर्यंत, दशांश चिन्हाच्या पलीकडे मांडी घालून बसलंय. पण तरी ड्युईने पुस्तकांना आकडे दिले, वाचकांना नाही. वाचकाच्या कपाळावर वर्गांक चिकटवायची कल्पना नंतरच्या हुशार लोकांची.

आणि एकदा चिकटला की निघत नाही. मी एकदा ऑनलाइन कुणाला तरी भेट म्हणून बाळाच्या झोपेवरचं पुस्तक मागवलं. त्याला सहा वर्षं झाली. ते बाळ आता शाळेत जातं, बहुधा झोपतंही. मला अजून दर आठवड्याला बाळं झोपवण्याबद्दल सुचवण्या येतात. आणि आता त्यात हे 'इतर'. परवा वाचनालयाचा मेसेज आला: आपल्या आवडीच्या 'इतर' या प्रकारात सध्या नवीन पुस्तके उपलब्ध नाहीत.

राहता राहिली ती पालथी प्रेमकथा.

काकांनी ती शेवटी उचलली. उलटी केली. मुखपृष्ठावर सूर्यास्त, दोन पाठमोरी माणसं आणि गुलाबी अक्षरं, सगळी रांग बघत होती. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, "बहिणीसाठी नेतेय." हे खोटं मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून बोलत आले आहे. माझ्या बहिणीने आयुष्यात एक प्रेमकथा वाचलेली नाही, आणि तिच्या नावावर वाचनालयात दोनशे तरी जमा असतील.

काकांनी शेवटचं पान वाचलं. मग त्याच्या आधीचं. मग पुस्तक मिटून त्यांनी मुखपृष्ठ बाहीने पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"काय होतं?" मी विचारलं.

"हे तुम्ही वाचा," ते म्हणाले, आणि चष्मा काढून कपाटांकडे निघून गेले.

मला नीट रागावताही येईना. ज्या पुस्तकावर मी स्वतः तीन पुस्तकं रचली होती, त्याला या माणसाने मान दिला. आणि मी? खुनाचं पुस्तक छातीशी धरून चालायला मला लाज वाटत नाही. सहा मुडदे पडले तरी ते बुद्धीचं काम समजलं जातं. दोन माणसं एकमेकांना आवडली की मात्र पुस्तक पालथं. हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही, पण चांगलं शिकवलं. मैत्रिणीच्या घरी कपाटात रांगेत लावलेले जाड ग्रंथ आणि उशीखाली खरी पुस्तकं असतात, हे मला माहीत आहे, तिचं मला माहीत आहे हे तिला माहीत आहे, आणि आम्ही दोघी चहा पिताना त्या जाड ग्रंथांबद्दलच बोलतो.

घरी येऊन डॉक्टरची हकिगत सांगितली. वाटलं होतं, थोडी सहानुभूती मिळेल. मुलीने फोनमध्ये बघत सांगितलं, "आई, २०११ साली कॅलिफोर्नियात दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बारा कथा वाचायला दिल्या होत्या. काहींना शेवट आधीच सांगून ठेवला. ज्यांना सांगितला त्यांना कथा जास्त आवडल्या. रहस्यकथासुद्धा."

"त्यांच्या मागे रांगेत काका होते का?"

"तसं दिलेलं नाही."

वाचायला बसले. पहिल्याच पानावर डॉक्टर. हसतमुख, लहान मुलांना गोळ्या वाटणारा. मी दात खाल्ले. तो जिने चढला की मी संशयाने बघायची, तो हात धुवायला लागला की म्हणायची, धू, धू. असं पन्नास पानं चाललं आणि पन्नासाव्या पानावर दुसरा डॉक्टर आला. दातांचा. एकशेदहाव्या पानावर कळलं की ज्या गृहस्थांना सगळे 'प्रोफेसर' म्हणतात त्यांनाही डॉक्टरेट आहे आणि त्यांची बायको त्यांना प्रेमाने 'डॉक्टर' म्हणते. इतक्या टाचणीवर बसून मी कुठलंही पुस्तक वाचलेलं नाही. मुंग्या तशाच राहिल्या. कविता रोज एक, झोपताना, तेवढी पाळली. रहस्यकथा मात्र रात्री दीडला संपवली.

शेवटचं पान खरंच तसं आहे. "चला, डॉक्टर," इन्स्पेक्टर म्हणतो, आणि दोघं पायऱ्या उतरतात. त्यावरून ज्याला जे समजायचं ते त्याने समजावं.

दुसऱ्या दिवशी रांगेत काका पुन्हा मागे. पिशवी रिकामी.

"काय ताई? डॉक्टरच ना?"

"कोणता?" मी म्हटलं.

त्यांचा चष्मा हातातच राहिला. "म्हणजे? एकाहून जास्त आहेत?"

"तीन."

काकांनी हात पुढे केला. मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि पिशवीची चेन ओढली.

"शेवटच्या पानावर एकच होता," ते जरा हळू आवाजात म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "म्हणजे मग ते आधीपासून वाचावं लागणार."

"नाव नोंदवून ठेवा ना. माझं अजून व्हायचंय," मी म्हटलं, आणि काउंटरवरच्या बाईंकडे वळून पंधरा दिवसांची मुदत वाढवून घेतली.