शंका घ्या, सदर मिळवा

वर्तमानपत्रात सदर लिहून आयुष्य काढायचं असेल, तर विषय निवडताना घाई करू नका. राजकारणावर लिहाल तर पाच वर्षांत सरकार बदलतं. क्रिकेटवर लिहाल तर संध्याकाळपर्यंत निकाल लागतो आणि सकाळचं भाकीत उताणं पडतं. जागतिक तापमानवाढीचं तसं नाही. तिचा हिशेब 2050, 2100 असल्या सालांत होतो आणि तेव्हा जाब विचारायला येणाऱ्याला तुम्ही सापडणार नसता. तेव्हा बेधडक लिहा की हे सगळं थोतांड आहे.

शिक्षणाची चिंता नको. भौतिकशास्त्रात पदवी असलीच तर ती चारचौघांत काढू नका. या पंथातले एक थोर पुरुष, लंडनच्या 'टेलिग्राफ'मध्ये एकेकाळी लिहिणारे जेम्स डेलिंगपोल, ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकले. 2011 मध्ये दाखवलेल्या बीबीसीच्या एका माहितीपटासाठी नोबेलविजेते जीवशास्त्रज्ञ पॉल नर्स त्यांच्याकडे गेले होते. त्यांच्यापुढे डेलिंगपोल मोकळेपणानं म्हणाले की शोधनिबंध वाचत बसणं हे माझं काम नाही, मला तेवढा वेळ नाही आणि त्यातलं शास्त्रही कळत नाही. इतरांनी लावलेल्या अर्थाचा मी अर्थ लावतो. नोकरीच्या अर्जात 'अनुभव' या रकान्यात लिहायला याहून चांगलं काही नाही. मग नर्सनी विचारलं, तुम्हाला गंभीर आजार झाला तर उपचार डॉक्टरांच्या एकमतानं घ्याल की आणखी कुणाच्या सल्ल्यानं? इथे मात्र स्वारी अडखळली. यातून घ्यायचा धडा एवढाच, की शास्त्रज्ञाला घरात घेऊ नये. फार तर अंगणातूनच चहा पाजून वाटेला लावावा.

आता मुख्य कसब. आकडे वापरायला घाबरू नका, फक्त ते कुठून उचलायचे हे कळलं पाहिजे. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे जॉर्ज विल यांच्याकडून शिकावं असं बरंच आहे. पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालेला माणूस. 15 फेब्रुवारी 2009 च्या लेखात त्यांनी लिहिलं की इलिनॉय विद्यापीठाच्या आर्क्टिक संशोधन केंद्राच्या माहितीनुसार जगातला समुद्री बर्फ आता 1979 मध्ये होता तेवढाच आहे. केंद्राचं नाव घेतलं, विद्यापीठाचं नाव घेतलं, वाचक गार. पंचाईत अशी झाली की ते केंद्र खरोखरच होतं आणि तिथली माणसं पेपर वाचत होती. त्यांनी जाहीर केलं की विल यांनी ही माहिती कुठून आणली आम्हाला ठाऊक नाही. 15 फेब्रुवारी 1979 ला बर्फ 1 कोटी 67 लाख 90 हजार चौरस किलोमीटर होता आणि 2009 मध्ये त्याच तारखेला 1 कोटी 54 लाख 50 हजार. म्हणजे चार महाराष्ट्र मावतील आणि वर जागा उरेल, एवढा बर्फ कमी.

दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड लपवून बसला असता. विल यांनी त्याच महिन्यात दुसरा लेख लिहून पहिल्याचं समर्थन केलं. लेख अनेक हातांखालून तपासून गेला होता, असं वर्तमानपत्रानंही सांगितलं. एका चुकीवर दोन आठवड्यांचं मानधन! आपल्याकडे असा भाव फक्त लग्नसराईत झेंडूला मिळतो.

हिमालयाचं प्रकरण तर पाठच करून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2007 च्या अहवालात हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असं एक वाक्य होतं. ते चुकीचं होतं आणि जानेवारी 2010 मध्ये समितीनं ते कबूल केलं. हजारभर पानांतलं ते एक वाक्य तुम्हाला जन्मभर पुरेल. 'न्यूजवीक'नं 1975 मध्ये पृथ्वी गार होत चालल्याचा लेख छापला होता, तोही हाताशी ठेवा. 1965 ते 1979 या काळातल्या शोधनिबंधांची कुणीतरी नंतर मोजदाद केली, तर गार होण्याच्या बाजूचे 7 आणि तापण्याच्या बाजूचे 44 निघाले, पण मोजदाद वगैरे करणं आपल्या घराण्यात नाही.

आलेखाची सुरुवात कुठून करायची हे मात्र नीट शिकून घ्या. 1998 मध्ये जबरदस्त एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं ते, त्या वर्षी पारा वर उडाला. तिथून मोजायला लागलं की पुढची दहा-बारा वर्षं 'तापमानवाढ थांबली' असं लिहिता यायचं आणि पुष्कळांनी लिहिलंही. नंतर 2014, 2015, 2016 या ओळीनं तीन वर्षांनी विक्रम मोडले. आपण शांतपणे 2016 पासून मोजायला लागायचं. आता तर 2024 हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलंय. सोन्यासारखी संधी. 2025 त्याहून किंचित थंड निघालं. 'तापमानात घसरण सुरू' हा लेख तुम्ही अजून लिहिला नसेल तर करताय काय?

मराठीत धंदा करायचा तर थोडा फेरफार लागतो. लंडनच्या मंडळींना खिडकीबाहेर बर्फ दिसला की लेख सुचतो. आपल्याला महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातमीवर आणि निफाडच्या पाऱ्यावर भागवावं लागतं. या दोन बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यामुळे लेख आदल्या वर्षीचा असला तरी चालतो, फक्त तारीख बदला. 'वेधशाळेला उद्याचा पाऊस सांगता येत नाही आणि हे म्हणे 2100 चं सांगणार' हे वाक्य वर्षातून दोनदाच वापरा, मृगाला एकदा आणि परतीच्या पावसाला एकदा. जास्त वापरलं की झिजतं. चंद्रपूर तापलं तर म्हणा, ते तापायचंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याला मिठी नदी आणि प्लास्टिकच्या पिशव्या पुरेशा आहेत. आणि बहात्तरचा दुष्काळ आहेच, कुठल्याही वादात तो शेवटी टाकला की समोरचा गप्प बसतो.

कोकणातल्या आंबा बागायतदाराशी मात्र या विषयावर बोलू नका. तो तत्त्वचर्चा करत नाही. यंदा मोहोर कधी आला, दुसऱ्यांदा कधी आला, फवारण्या किती झाल्या आणि पेट्या किती गेल्या एवढंच सांगतो. त्याचा अर्थ लावायला गेलं तर लेखाचा शेवट बिघडतो.

बाकी कारकीर्द आपोआप पुढे सरकते. ऐन उमेदीत लिहायचं की पृथ्वी तापतच नाही. चाळिशीत लिहायचं, तापते, पण सूर्यामुळे. पन्नाशीत कर्बवायू हे झाडांचं अन्न असल्याचं आठवतं. साठीला आलात की माणसानं केलंय हे मान्य करून टाका, पण आता उपायांचा खर्च परवडणार नाही असं म्हणा. आधीचे लेख कुणी काढून दाखवत नाही, रद्दीवाला इमानदार असतो. आणि सत्तरीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं की, शेवटचा मोठा लेख लिहायचा: शास्त्रज्ञांनी हे सगळं सामान्य माणसाला वेळीच, सोप्या भाषेत समजावून का सांगितलं नाही? हा लेख भयंकर वाचला जातो. त्याचं मानधन आधी ठरवून घ्या.