एसटीच्या तोट्याचा मेसेज आणि त्यात न आलेला हिशोब

गेले काही महिने फिरत असलेल्या मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘एसटी बुडाली ती संपकऱ्यांमुळे आणि फुकट्या प्रवाशांमुळे. कितीही भाडं वाढवा, खड्डा भरत नाही. त्याच रस्त्यावर ट्रॅव्हल्सवाले मालामाल होतात. एसटी मोडीत काढा, मार्ग खासगीला द्या.’ संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर गेलाय, हे खरं आहे. बाकीचं तपासून घेऊ.

‘त्याच रस्त्यावर ट्रॅव्हल्सवाले मालामाल’

रस्ता तोच, धंदा वेगळा. मोटार वाहन कायद्यात टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक असे दोन स्वतंत्र परवाने आहेत. एसटी टप्पा वाहतूक करते, म्हणजे वेळापत्रक लावायचं, थांबे घ्यायचे, वाटेत हात दाखवेल त्याला बसवायचं. ट्रॅव्हल्सचा परवाना कंत्राटी असतो. वाटेत सुटे प्रवासी उचलायची त्यात मुभाच नाही (उचलतात, तो भाग निराळा). शुक्रवारी रात्री पुणे–नागपूरला गर्दी असली की जादा गाडी सोडायची आणि मंगळवारी बुकिंग नसलं की दोन गाड्यांची एक करायची, हे त्यांना जमतं. एसटीची रात्रवस्तीची गाडी संध्याकाळी गावात मुक्कामाला जाते आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं घेऊन तालुक्याला येते. आज आठच डोकी आहेत म्हणून चालक-वाहकाला ती फेरी सोडून देता येत नाही.

करही निराळा. एसटीला भाड्याच्या उत्पन्नावर 17.5 टक्के प्रवासी कर लागतो, म्हणजे तिकिटं जास्त फाटली की करही जास्त. ट्रॅव्हल्सला आसनामागे वर्षाचा ठरावीक कर. त्यात 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाने खासगी गाड्यांना एसटीच्या दीडपटीपर्यंत भाडं घ्यायची परवानगी दिली आहे. कमी कराची गाडी दीडपट भाड्याने, भरलेल्या दिवशीच पळवायची, तर नफा व्हायलाच हवा!

‘कितीही भाडं वाढवा, खड्डा भरत नाही’

इथे आकडे मांडूनच बघावे लागतात. एसटीचं भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. ऑक्टोबर 2021 मध्ये साध्या गाडीचा दर 7.45 वरून 8.70 रुपये झाला. जानेवारी 2025 च्या 14.95 टक्के वाढीनंतर तो सुमारे 10 रुपये धरा. 44 आसनांची गाडी निम्मी भरली तर 22 प्रवासी, म्हणजे एका टप्प्याचे 220 रुपये. लिटरला साडेचार किलोमीटर पडले तर 6 किलोमीटरला सव्वा लिटरहून थोडं जास्त डिझेल जळतं. 90 रुपयांच्या भावाने त्याचे 120 रुपये. उरलेल्या शंभरातून प्रवासी कर, दोन माणसांचा पगार, टायर, ऑइल, स्पेअर, टोल आणि आगाराचा खर्च भागवायचा. निम्म्या भारमानावर (म्हणजे निम्मीच आसनं भरलेली असताना) तो भागत नाही. भारमान थोडं वर गेलं तरी चित्र पालटतं, कारण डिझेल आणि पगार तेवढेच राहतात.

भाडंही एसटी मनाला येईल तेव्हा वाढवत नाही. प्रस्ताव महामंडळाचा असतो, मंजुरी राज्य परिवहन प्राधिकरणाची. डिझेल, चासी, टायर आणि महागाई भत्ता यांवर बेतलेलं सूत्र कागदावर आहे, पण वाढ होते ती वर्षानुवर्षं तुंबून: जून 2018 मध्ये 18 टक्के, 2021 मध्ये 17.17, 2025 मध्ये 14.95. मधल्या वर्षांत डिझेल थांबत नाही. मग एकदम मोठी वाढ आली की जवळचा प्रवासी आधी तुटतो. सात किलोमीटरवर उतरणाऱ्याला दोन टप्प्यांचे पैसे पडतात आणि फाट्यावर वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप) उभंच असतं.

‘फुकट्यांनी एसटी खाल्ली’

75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास, महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, विद्यार्थ्यांना सवलतीचे पास. या सवलती सरकारने जाहीर केल्या आणि त्यांची रक्कम सरकारने एसटीला द्यायची, असा व्यवहार आहे. वाहक मशीनवर सवलतीचा प्रकार निवडून तिकीट काढतो ते त्यासाठीच. मोफत प्रवाशालाही शून्य रुपयांचं तिकीट फाडावं लागतं, कारण त्याच नोंदींवर आगाराची मागणी तयार होते. रिकामं जाणारं आसन भरलं आणि त्याचे पैसे सरकारकडून आले, तर त्यात एसटीचं नुकसान नाही. दुखणं पैसे उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी येण्याचं आहे. डिझेलवाला थांबत नाही, पगाराची तारीख थांबत नाही. मग भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पुरवठादारांची बिलं असं काहीतरी मागे पडतं.

‘संपकऱ्यांनी बुडवली’

संपाने नुकसान झालं, यात वाद नाही. पण ‘रोज इतके कोटी बुडाले’ हा आकडा एकूण उत्पन्नाचा असतो. गाडी उभी असताना डिझेल जळत नाही आणि संपातल्या दिवसांचा पगारही निघत नाही; ते वजा करायला हवं. खरं नुकसान वेगळंच आहे. एसटी राज्य सरकारात विलीन करा, या मागणीसाठी ऑक्टोबर 2021 अखेर सुरू झालेला संप उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितल्यावर मिटला. इतके महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबून राहतात, एअर ब्रेकचे डायफ्रॅम आणि रबरी होज कडक होऊन हवा सोडतात. गाडी मार्गावर आणायलाच खर्च येतो, तोवर रोजचा प्रवासी दुसरीकडे लागलेला असतो.

मागण्या तरी काय होत्या? 2017 च्या दिवाळीतला चार दिवसांचा संप पगारासाठी होता, सप्टेंबर 2024 चा दोन दिवसांचाही पगारासाठीच. 2024 मध्ये मूळ वेतनात 6,500 रुपयांची वाढ मान्य झाली, तीही एप्रिल 2020 पासून. चार वर्षांपूर्वीचा करार गणपतीच्या तोंडावर गाड्या थांबल्यावरच सुटत असेल, तर एकट्या कर्मचाऱ्याच्या नावाने बिल फाडणं आम्हाला पटत नाही.

संप नसतानाही किलोमीटर रद्द होतात, त्याकडे या मेसेजचं लक्षच नाही. आगारात क्लच प्लेट नाही, फॅन बेल्ट नाही, रिट्रेडिंगला (नवं रबर चढवायला) गेलेले टायर परत आले नाहीत, म्हणून गाडी वर्कशॉपमध्ये अडकते. तिच्या जागी दुसऱ्या फेरीची गाडी काढली की ती फेरी रद्द. स्टँडवर दोन तास ताटकळलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी थेट वडाप धरतो, आणि त्या दिवसाला संप म्हणून कुणी मोजत नाही.

‘मार्ग खासगीला द्या’

थोडं दिलंय की. शिवशाही या एसी सेवेच्या भाडेतत्त्वावरच्या गाड्यांत गाडी आणि चालक मालकाचा, वाहक एसटीचा, पैसे किलोमीटरवर. आसनं रिकामी गेली तरी मालकाचं बिल ठरलेलं, तोटा एसटीच्या पदरात. 5,150 ई-बसच्या कंत्राटात तर गाड्याच वेळेवर आल्या नाहीत. आणि सगळे मार्ग खासगीला दिले, तर नाशिक–पुण्याला रांग लागेल. रात्रवस्तीच्या गावाचा परवाना मागायला कोण येईल, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा सांगावं.