सातवी पास

त्या म्हाताऱ्याने मला सांगायला हवं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. स्पॅनिशमध्येही नकाराला 'नो'च म्हणतात, म्हणजे भाषेची अडचण होती असंही नाही. परत येऊन तीन आठवडे झाले, नागपुरात ऊन तापायला लागलं, तरी जिभेच्या मुळाशी ती चव आणि डोळ्यांपुढे तो म्हातारा, दोन्ही तसेच आहेत.

मुलगी म्युनिकला नोकरी करते. जानेवारीत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि तिने लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हाला तीन दिवसांसाठी स्पेनमधल्या सेव्हिलला पाठवलं. तिथले लोक सेव्हिया म्हणतात. स्वतः आली नाही, रजा नव्हती. सोबत एक तक्ता दिला होता. त्यात कोणत्या वाजता काय बघून आपण थक्क व्हायचं ते लिहिलेलं होतं.

थक्क झालो. का होऊ नये? कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्यात पायऱ्या नाहीत, चढणीमागून चढणी आहेत. मनोरा मूळचा मशिदीचा. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तशी सोय केली म्हणे. आता घोडा काढून घेतलाय आणि चढण ठेवलीय. बायकोच्या गुडघ्यांनी या इतिहासाबद्दल जे मत दिलं ते मी इथे देत नाही. खाली कोलंबसाची शवपेटी आहे, चार राज्यांचे चार पुतळे तिला खांदा देऊन उभे आहेत. तिच्यासमोर मी जरा जास्त वेळ थांबलो. हा गृहस्थ हिंदुस्थान शोधायला निघाला, भलतीकडेच पोचला, तरी एवढा थाट. आम्ही हिंदुस्थानातून निघून बरोबर ठरल्या जागी पोचलो, तर त्यासाठी माणशी ९० युरो व्हिसाचे, ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा, बँकेची कागदपत्रं, आणि कान दिसतील असा फोटो. कान! त्याचे कान कोणी तपासले होते?

पण राग कोलंबसाचा नाही. राग भुकेचा होता, तिथूनच सगळं सुरू झालं.

या गावात दुपारी चारच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री साडेआठला उघडतात. मधल्या वेळात खुर्च्या असतात, टेबलं असतात, हसरा वेटर असतो, बिअर असते, जेवण नसतं. आमची नागपूरची पोटं सात वाजता ताटावर बसणारी. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही 'शाकाहारी, शाकाहारी' असं तीनतीनदा बजावून टोमॅटोचं थंड, घट्ट सार मागवलं होतं. सालमोरेखो म्हणतात त्याला. आलं ते सुंदरच होतं, पण वरून डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरलेले. मी बोट दाखवलं तर वेटर म्हणाला, "थोडंसंच आहे." आपण पोह्यांवर कोथिंबीर घालतो ना, त्या भावनेने घालतात. कोथिंबिरीबद्दल तक्रार करणाऱ्या माणसाकडे आपण जसं बघू, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. शेवटी आम्हाला पालक-छोले सापडले. चांगलं जिरं घातलेले, अगदी घरच्यासारखे. मग तीन दिवस तेच. सेव्हिलला जाऊन काय खाल्लं म्हणून कोणी विचारलं की आम्ही विषय बदलतो.

तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच, पोटात काही नाही, आणि आम्ही सांता क्रूझ भागातल्या दोन्या एल्विरा नावाच्या छोट्याशा चौकात. मधे कारंजं, भोवती रंगीत फरशीचे बाक, आणि डोक्यावर संत्री. झाडं नुसती लगडलेली. साऱ्या शहरात अशी ४० हजारांहून जास्त झाडं आहेत, रस्त्यारस्त्यावर, आपल्याकडे कडुनिंब असावा तशी. हात वर केला की फळ.

आता इथे माझी पार्श्वभूमी सांगणं भाग आहे. मी काटोलचा. आमच्या घरची संत्र्याची बाग होती. मोठा भाऊ अजून सांभाळतो. आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांवर आमच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या. जंबेरी म्हणजे जाड सालीचं आंबट लिंबू, तिच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधतात ते मी पाढ्यांच्या आधी शिकलो. खुंटाला खालून फुटवा आला तर त्याला संत्री नाही, जंबेरी लागते, आणि ती जो खातो त्याला भाऊ वर्षभर चिडवतात, हेही शिकलो. थोडक्यात, संत्र्याच्या बाबतीत मला कोणी फसवू शकेल असं मला वाटत नव्हतं.

"कोणीच खाऊन नाही राहिलं," बायको म्हणाली.

"काय?"

"एवढी संत्री लटकून आहेत आणि एकही माणूस खाऊन नाही राहिला. आपल्या काटोल रोडवर राहिली असती काय? रात्रीतून झाड साफ. काहीतरी असंल."

"हे युरोप आहे," मी म्हणालो. "इथे लोक चोरत नाहीत."

हे बोलत बोलतच मी एक तोडलं.

समोरच्या बाकावर म्हातारा बसलेला. चौकड्यांची चपटी टोपी, मफलर, लखलखीत बूट, शेजारी काठी. एका हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी. बी दातांनी फोडायची, टरफल कागदावर टाकायचं, असं चाललेलं. मी फळ तोडलं तेव्हा त्याने बी तोंडाशी नेलेला हात मधेच थांबवला. मध्यंतरानंतर दिवे मालवले की प्रेक्षक थांबतात, तसा.

साल जाड निघाली, खरबरीत. तेव्हाच कळायला हवं होतं. पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पंख होते, ते तर दहा फुटांवरून दिसायला हवे होते. वडील असते तर तिथेच कान पिळला असता. मी मात्र सराईतपणे सोललं, बायकोला आधी देऊ केलं (ती म्हणाली, "तुम्ही पाहा आधी"), आणि दोन फोडी एकदम तोंडात टाकल्या.

चवीचं वर्णन मी करणार नाही. कारलं आणि लिंबू यांचं लग्न झालं आणि दोन्हीकडच्या लोकांनी वरातीत भांडण केलं, असं काहीसं. दाढा आपल्या जागा सोडून जाऊ लागल्या. डोळ्यांत पाणी.

म्हाताऱ्याने बी फोडली.

मग सावकाश खिशातून मोबाइल काढला, भाषांतराचं ते बोलकं यंत्र उघडलं, आणि माझ्याकडे बघून प्रश्नार्थक भुवई उडवली. "इंडिया," मी कसाबसा म्हणालो. त्याने बटणं दाबली, मोबाइलमध्ये काहीतरी पुटपुटला, आणि एक गंभीर बाई हिंदीत म्हणाली, "श्रीमान, यह संतरा खाने के लिए नहीं है।"

"अब बता रहे हो?"

हे यंत्राने त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं. तो इतका हसला की कागदावरची टरफलं उडाली.

बायकोला हा खेळ आवडला. तिने सरळ त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि हिंदी काढून मराठी लावली. यंत्रातल्या बाईंचं मराठी शासकीय परिपत्रकासारखं होतं.

"महोदय," बाई म्हणाल्या, "तुम्ही आज सातवी आहात. काल चौदा होत्या. रविवारी जास्त असतात."

म्हणजे हा मनुष्य तिथे बसून मोजत होता! ऊन खायला नाही, आराम करायला नाही. हजेरी घ्यायला.

"चला," बायको म्हणाली, "सातवी पास!"

मोबाइल तिच्याच हातात होता. यंत्राने हेही इमानेइतबारे भाषांतर करून त्याला ऐकवलं. त्याने काय ऐकलं देव जाणे, पण तो काठी टेकत उभा राहिला, टोपी काढली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "फेलिसिदादेस." म्हणजे अभिनंदन.

मग त्याने माझं शिक्षण पुढे नेलं. हे संत्रं कडूच असतं. झाडं सावलीसाठी आहेत, वसंतात फुलांचा घमघमाट सुटतो त्यासाठी आहेत. फळं इंग्रज मुरंब्यासाठी घेतात. "इंग्लातेर्रा! मेर्मेलादा!" हे त्याने यंत्राशिवाय, दोन्ही हात हवेत उडवून सांगितलं. आणि गळालेल्या फळांच्या रसापासून वीज काढण्याचाही प्रयोग इथे झालाय. बाई म्हणाल्या, "महोदय, तुम्ही विजेचा घास घेतला."

मला आता काहीतरी जिंकणं गरजेचं होतं. मी म्हणालो, तुम्ही याला नारांखा म्हणता, तो शब्द आमचा आहे. नारंग. संस्कृत.

"अरबी आहे," बाई म्हणाल्या.

अरबांनी फारसीतून घेतला, मी म्हणालो, आणि फारसीने आमच्याकडून. शिवाय आमच्या नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ते गोड असतं, आणि माझ्या भावाची बाग आहे.

त्याने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. एक बी फोडली.

"मग तुम्ही आमचं का खाल्लं?"

याला उत्तर नाही. तेव्हाही नव्हतं, आता तीन आठवडे विचार करूनही नाही.

मी विचारलं, आधी कोणी भारतीय आले होते का? निदान त्या यादीत एकटा नको, अशी आशा. तो म्हणाला, येतात खूप, पण त्यांच्या बायका खाऊ देत नाहीत. आणि त्याने बायकोकडे अशा नजरेने बघितलं, की कसूर तिच्याकडून झाली असावी. तिने ताबडतोब कानावर हात ठेवले. मग त्याने तिला सूर्यफुलाच्या बिया देऊ केल्या. मला नाही.

उन्हाचा विषय निघाला तेव्हा मात्र मी थोडी अब्रू राखली. तो जुलैतल्या चाळीसच्या वरच्या आकड्यांचं कौतुक सांगू लागला. मी म्हणालो, मे महिन्यात आमच्याकडे ४५ असताना लग्नं लागतात, आणि लोक कोट घालून येतात. त्याने पुन्हा टोपी काढली. पण ती नवरदेवांसाठी होती, माझ्यासाठी नव्हे.

निघताना बायकोनेच विचारलं, "आजोबा, तुम्ही आधीच काऊन नाही सांगितलं?"

बाईंनी 'काऊन'चं काय केलं कळलं नाही, पण उत्तर आलं. "पूर्वी सांगत होतो. लोकांना वाटायचं मी स्वतःसाठी राखून ठेवतो. तरी खायचे."

हे उत्तर पटण्यासारखं आहे, म्हणून जास्त चीड येते. मी खाल्लंच असतं. एखाद्या म्हाताऱ्याने 'नो' म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, बघा, आपल्याला बाहेरचे समजून हाकलतोय. व्हिसाचे ९० युरो डोक्यात होतेच. पण सांगायला हवं होतं. निवड माझी राहिली असती.

त्या शहरात गटारांच्या झाकणांवर, टॅक्सीवर, जिथे तिथे एक चिन्ह दिसतं. 'नो', मग आठाच्या आकड्यासारखी सुताची लड, मग 'दो'. लडीला स्पॅनिशमध्ये मादेखा म्हणतात; सगळं जोडून वाचलं की 'तिने मला सोडलं नाही' असा अर्थ निघतो. शहराने संकटात राजाची साथ सोडली नाही, अशी त्यामागची कथा. मी दोन दिवस ते झाकणांवर वाचत, तोंड वेडंवाकडं करत फिरलो. तिने मला सोडलं नाही. चवीने.

सांता पाउला मठातल्या नन्स याच संत्र्यांचा मुरंबा विकतात. बायकोने दोन बाटल्या घेतल्या. एक आता आमच्या फ्रीजमध्ये आहे. कोणी पाहुणा आला की पोळीवर चमचाभर मुरंबा आणि सोबत ही कथा, असा बेत ठरलेला. सासऱ्यांची काठी घेऊन ती म्हातारा करून दाखवते. टोपी म्हणून माझी मंकी कॅप वापरते. मूळ सातचे आता सतरा झालेत. भावाने काटोलहून फोन केला तो हॅलो न म्हणताच, "पानाचं देठ नाही पाहिलं काय बे?" मुलीने तर पुढच्या वेळच्या तक्त्यात एक रकाना वाढवलाय: काय खाऊ नये.

आणि हल्ली कथेत मी ते चौकात थुंकलो असं येतं. मी थुंकलो नव्हतो. रुमालात काढलं होतं, नीट घडी करून खिशात ठेवलं होतं, आणि रात्री हॉटेलवर येऊन टाकलं. हे मी दरवेळी सांगतो. तोवर पाहुणे मुरंबा मागत असतात.