खुलासा: एमिनेमचा पहिला अल्बम कोणता?

‘अमेरिकन रॅपर एमिनेमने पहिल्याच अल्बमला, म्हणजे १९९९च्या ‘द स्लिम शेडी एलपी’ला ग्रॅमी मिळवलं’ असा मजकूर सध्या फिरतोय. ग्रॅमीचं खरं आहे, ‘पहिला’ मात्र साफ चूक. त्याआधी १९९६मध्ये डेट्रॉईटमधल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून त्याचा ‘इन्फिनिट’ हा अल्बम आला होता. त्याची फारशी कुणी दखलच घेतली नाही. ज्यांनी ऐकला, त्यांतले बरेच म्हणाले, हा तर नॅस आणि एझी (AZ) या रॅपरांची नक्कल करतोय! ऐकून बघा, आरोप अगदीच हवेतला नाही: आवाज मवाळ, यमकांची ओळीतल्या ओळीत दाटी, आणि स्लिम शेडी या त्याने रचलेल्या पात्राचा पत्ताच नाही. ते अवतरलं १९९७च्या ईपीत (म्हणजे छोट्या अल्बममध्ये), या टीकेने चिडल्यावर.