महाडचे डॉक्टर आणि लाल विंचू

आज सकाळी आमच्या शाळेच्या जुन्या वर्गमित्रांच्या गटावर एकाने मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याची बातमी दिली. अभिनंदनांचा पाऊस पडला आणि त्यातच दुसऱ्या एकाने सल्ला दिला की, शिक्षण झाल्यावर तिला खेड्याकडे मात्र फिरकू देऊ नकोस, कारण ज्यांचे शहरात काही चालत नाही तेच डॉक्टर तालुक्याच्या गावी पाटी लावतात. या वाक्याला ज्यांनी पसंती दर्शवली, त्यांत आमच्याच रायगड जिल्ह्यात जन्मलेले आणि तिथल्याच दवाखान्यांतील औषधांवर लहानाचे मोठे झालेले लोक होते. तेव्हापासून माझे कामात लक्ष लागलेले नाही. गटावर हमरीतुमरी करण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

ज्यांचे बालपण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात गेले त्यांना लाल विंचू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दगडी बांध, पेंढ्याच्या उडव्या, कौलांखालचा माळा, सरपणाचा ढीग, सगळीकडे तो असतो, आणि त्याच्या विषाचा सर्वांत मोठा तडाखा लहान मुलांना बसतो, कारण नांगीतून येणारे विष तेवढेच आणि अंग मात्र चिमूटभर. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना माळ्यावरून घोंगडी ओढायला गेला आणि त्याच्या बोटाला विंचू चावला. सुरुवातीला तो किंचाळला. मग त्याला उलट्या सुरू झाल्या आणि असा घाम सुटला की सदरा पिळून काढावा. थोड्या वेळाने त्याचे रडणे थांबले. आजी म्हणाली, "बघा, उतार पडला. पोर शांत झालं." विंचू उतरवणाऱ्याकडे नेण्याची तयारीही झाली होती. भावाचे हातपाय बर्फासारखे गार पडलेले वडिलांच्या लक्षात आले नसते, तर आज मला भाऊ नसता.

हे शांत होणेच किती फसवे असते, ते जगाला ज्यांनी समजावले ते डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेडसारख्या गावातून, गरिबीतून वर येऊन नागपूरला एमबीबीएस झालेले हे गृहस्थ १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हाच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत विंचूदंशावर हाताशी धरावे असे फारसे काही नव्हते, आणि समोर तर धडधाकट माणसे, खेळती मुले एका रात्रीत तोंडाला फेस येऊन जात होती. त्यांनी काय केले? ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. कोणते लक्षण कधी दिसते, रक्तदाब कधी चढतो, कधी कोसळतो, छातीत पाणी कधी भरू लागते, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळ आहे पण बाकी काही नाही, तो बहुधा वाचतो. ज्याला दरदरून घाम, उलट्या आणि गार हातपाय आहेत, त्याच्या जिवाला धोका आहे, हे अशा नोंदींतून उमगते. धोक्याची ही पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता मला सांगा, हे मुंबईतल्या कोणत्या पंचतारांकित रुग्णालयात कळले असते? तिथे हा रुग्णच पोचत नव्हता. तो बैलगाडीत, डोलीत, वाळूच्या ट्रकमध्ये वाटेतच संपत होता. जिथे रोग आहे तिथेच त्याचे ज्ञान तयार होते, आणि ते तयार होण्यासाठी तिथे एक हुशार, चिवट माणूस वर्षानुवर्षे राहावा लागतो.

बरे, त्यांना शहर मिळत नव्हते असेही नाही. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून ते एमडी झाले, म्हणजे पुण्यात थांबण्याचा मार्ग सरळ उघडा होता, आणि ते परत कोकणात आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी महाडला दवाखाना थाटला आणि संशोधनही दोघांनी जोडीने केले. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते व फुफ्फुसांत पाणी साचते. मग वाहिन्या सैल करणारे औषध द्यायला हवे, या विचाराने त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबासाठी वापरली जाणारी गोळी वापरली. साधी गोळी, तोंडाने घ्यायची, महागडे यंत्र लागत नाही. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण पुढे एकाच्या आसपास आले.

माझ्या भावाला ज्या सरकारी दवाखान्यात नेले तिथे एक तरुण डॉक्टर होता, त्याचे नाव आम्हाला कधी कळले नाही. त्याने भावाचे तळहात चाचपले, गोळीचा तुकडा करून पाण्यातून पाजला आणि रक्तदाब मोजायचे यंत्र घेऊन स्टुलावर बसला. आईने भावाला मांडीवर घेण्यासाठी हात पुढे केले तेव्हा तो म्हणाला, "ताई, उचलू नका. आडवाच राहू दे." आईला ते फार लागले, वर्षानुवर्षे ती ते बोलून दाखवायची. पुढे मला वाचनात आले की या गोळीच्या पहिल्या मात्रेने रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि मुलाला उभे धरले तर तो कोसळू शकतो. त्या डॉक्टरला हे कुणी शिकवले, असे वडिलांनी पहाटे विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "महाडच्या डॉक्टरांनी." तो त्यांच्या हाताखाली शिकला होता की त्याने फक्त त्यांचे लेख वाचले होते, कुणास ठाऊक. दर तीन तासांनी गोळी देत तो रात्रभर त्या स्टुलावर बसून होता.

म्हणून बावस्करांना कुणी नुसते ‘देवमाणूस’ म्हटले की मला बरे वाटत नाही. प्रेमाने म्हणतात, हे मला कळते. पण देव म्हणून हात जोडले की त्यांच्यासारखे वागण्याची जबाबदारी आपल्यावरून निघून जाते. त्यांनी केले ते माणसाने करण्यासारखे आहे: जागणे, मोजणे, लिहिणे, आपलीच पद्धत पुन्हा तपासणे. प्राझोसिनने नाव झाल्यावरही ते थांबले नाहीत. नुसते प्राझोसिन बरे की त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिलस, म्हणजे विष निष्प्रभ करणारे इंजेक्शन, दिलेली बरी, याची त्यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर रीतसर तुलना केली. जोड उपचार मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवर ८. स्वतःची गोळी कमी पडते हे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापणारा माणूस शहरात चालला नाही म्हणून खेड्यात आला होता काय? रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल एका निदान केंद्राकडून आलेला १२०० रुपयांचा कमिशनचा धनादेश गुपचूप न वटवता त्याची तक्रार त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे केली, तीही २०१३ सालची गोष्ट. पद्मश्री मिळायला २०२२ उजाडले.

खेड्यात निष्काळजी डॉक्टर असतात आणि शहरात जीव ओतणारे असतात, हे मला मान्य आहे. मुलांच्या शाळा, एकटेपणा, अपुरी औषधे, रुग्ण दगावला की अंगावर धावून येणारे नातेवाईक, हे सगळे खरे आहे आणि कुणाच्या लेकीने खेड्यात जायचे हे ठरवणारी मी कोण? लिहिताना माझा राग थोडा निवळला आहे. त्या वर्गमित्रालाही कदाचित मुलीची काळजीच बोलून दाखवायची असेल. पण तिला जाऊ नको म्हणायचे असेल तर कारणे खरी सांगा, जे तिथे राहिले त्यांना कमअस्सल ठरवू नका.

आणि कोकणातल्या माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. गावाकडे मुलाला विंचू चावला आणि घाम, उलट्या, गार हातपाय असे काही दिसले, तर मूल रडायचे थांबले म्हणून घरी थांबू नका, उताऱ्यात वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा. त्याही आधी, या आठवड्यातच, आपल्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा की प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस आज कपाटात आहे का, आणि रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का. नसेल तर ग्रामसभेत लेखी मागा. मी या शनिवारी आमच्या गावच्या केंद्रात जाणार आहे, आणि तिथे काय उत्तर मिळते ते इथेच लिहीन.