‘लावून तर बघा’च्या आधी मल्टिमीटर काढा

सांगली-साताऱ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर फेकू नका. पुराचं पाणी लागलं असेल तर दोन दिवस तांदळात ठेवा. पिना डब्ल्यूडी-४०ने पुसा. कुठलाही ९ व्होल्टचा अडॉप्टर लावा आणि चालू करून बघा. पिवळी केस पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवली की कायमची पांढरी. कॅसेट लोड झाली नाही तर ती मेली.’ पहिलं वाक्य बरोबर आहे. बाकीच्यांपैकी एकही जसंच्या तसं करू नका.

‘चालू करून बघा’ हे सगळ्यात घातक. चाळीस वर्षांच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा आधी पॉवर सप्लाय बिघडतो आणि जाताना बोर्डालाही घेऊन जातो. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरची वीट, म्हणजे त्याचा विटेसारखा बाहेरचा पॉवर सप्लाय, त्याबद्दल बदनामच आहे. आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर गेला की व्होल्टेज वर चढतं आणि रॅमच्या चिप जळतात. म्हणून वीट मशीनला न जोडता मल्टिमीटरने तपासा. सात पिनांच्या प्लगची मधली पिन (२) ग्राउंड. तिच्या एका बाजूची (५) +५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूची (४) रिकामी. दोन टोकांच्या ६ आणि ७मध्ये ९ व्होल्ट एसी. २ आणि ५मध्ये ५ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावून अर्धा तास चालू ठेवा, म्हणजे साधारण १ अँपियरचा लोड पडतो. थंड असताना ५.०५ दाखवणारी वीट तापल्यावर चढू शकते, म्हणून हा खटाटोप. आकडा ५.२५च्या वर गेला तर ती वीट वापरू नका. आत इपॉक्सी ओतलेलं असतं, त्यामुळे दुरुस्तीचा नाद सोडून नवा सप्लाय घ्यावा.

बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरचं दुखणं वेगळं. १९८४-८५च्या ‘क्लास’ या शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या सरकारी प्रकल्पात देशातल्या शाळांना हेच मशीन मिळालं, त्यामुळे ते अजूनही कुठल्या कपाटात निघू शकतं. त्याच्या सप्लायमध्ये मेनवर, म्हणजे घरातून येणाऱ्या विजेवर बसलेले ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला बारीक तडे जातात, त्यातून दमट हवा आत शिरते आणि मशीन चालू केल्यावर काही मिनिटांत खोलीभर घाण वासाचा धूर होतो. साताऱ्याच्या पश्चिमेला, घाटाकडच्या पावसाळ्यात तर हे ठरलेलंच. दोन्ही आधीच बदला. त्याच मूल्याचे २७५ व्होल्ट एसी, ‘एक्स२’ (मेनवर लावण्याजोगा सुरक्षित प्रकार) छापलेलेच घ्या. गावात मिळाले नाहीत तर पुण्याच्या तापकीर गल्लीत बघा. साधा कपॅसिटर इथे लावू नका. झाकण उघडल्यावर मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर मीटर ठेवून शून्य झालाय का बघा. त्यात ३२५ व्होल्टपर्यंत साठलेले असतात.

आता ‘कुठलाही ९ व्होल्टचा अडॉप्टर’. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरच्या प्लगमध्ये आतली पिन निगेटिव्ह आणि बाहेरची बाही पॉझिटिव्ह असते. बाजारातले बहुतेक अडॉप्टर याच्या नेमके उलटे. उलटा लावला तर ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर), टीआर४ ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या मागोमाग खालच्या १६ केबी रॅमच्या आठ ४११६ चिप जाऊ शकतात. या चिपना +५ आणि +१२सोबत -५ व्होल्टही लागतात आणि तेच गायब झाले की त्या तापून मरतात. जुना मूळ अडॉप्टर लोडशिवाय १२-१३ व्होल्ट दाखवतो, तो बिघडलेला नसतो. नवा घेताना ९ व्होल्ट, किमान १.४ अँपियर, आत निगेटिव्ह. ‘१२ चालतं’ म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा: १ अँपियरला ७८०५ ९ व्होल्टवर ४ वॅट उष्णता सोडतो, १२वर ७. आणि मागच्या एज कनेक्टरला (बोर्डाच्या कडेवरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) काहीही लावताना-काढताना आधी वीज बंद. ते जरा तिरकं बसलं तरी टीआर४ जातो.

तांदूळ हा तर विनोदच. २०१९ आणि २०२१च्या महापुरात ज्या घरांत कृष्णेचं पाणी शिरलं, त्यांना तो गाळ ठाऊक आहे. तांदूळ पाणी शोषेलही, पण चिपच्या पायांखाली सुकलेला चिखल आणि क्षार तिथेच राहतात, ओल लागली की वीज वाहून नेतात आणि तांबं खातात. बोर्ड धुवायलाच लागतो. सॉकेटमधल्या चिपची खाच कुठल्या बाजूला आहे त्याचा आधी फोटो घ्या, मग त्या काढा. भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ टूथब्रश, नळाचं पाणी. नंतर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळा, शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पंख्याखाली तीन दिवस. टीव्हीला सिग्नल देणाऱ्या मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीत पाणी अडकून बसतं, तिचं झाकण काढा. ट्रान्सफॉर्मर आणि फ्लॉपी ड्राइव्ह या आंघोळीत घालू नका.

डब्ल्यूडी-४० तेलकट थर सोडतो आणि त्यावर धूळ बसते. एज कनेक्टरला पांढरा खोडरबर, मग अल्कोहोल. बस्स.

पिवळेपणा ४० व्हॉल्यूमच्या, म्हणजे १२ टक्क्यांच्या पार्लरवाल्या पेरॉक्साइड क्रीमने जातो खरा, पण कायमचा नाही. क्रीम कुठे सुकलं तर पांढरे ओघळ उठतात, म्हणून प्लास्टिकच्या कागदाने झाकून दर तासाला पुन्हा फासा. हातमोजे घाला.

प्रोग्रॅम साठवलेली कॅसेट मात्र सहसा मेलेली नसते. प्लेअरचा रबरी बेल्ट वितळून डांबर झालेला असतो, नाहीतर हेड तिरकं असतं. हेडच्या एका बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू टेप वाजत असताना एक अष्टमांश फेरा इकडे-तिकडे फिरवा. आवाज सगळ्यात कर्कश होईल तिथे थांबा. कॅसेटऐवजी मोबाइलवरून तिच्या आवाजाची डब्ल्यूएव्ही फाइल लोड करत असाल तर केबलच हवी, ब्लूटूथ नको. इक्वलायझर बंद ठेवा, आवाज पाऊण. स्पेक्ट्रमवर LOAD ""नंतर स्क्रीनच्या बॉर्डरवर लाल-आकाशी रुंद पट्टे सरकायला हवेत, मग बारीक निळे-पिवळे. लाल-आकाशीवरच अडकलं किंवा पट्टे तुटक दिसले तर आधी आवाज थोडा वाढवा. फोनचा इअरफोनचा आउटपुट बऱ्याचदा कमीच पडतो, मधे छोटा अॅम्प्लिफायर लावावा लागतो.